व्हिसाच्या पुढचं वर्ष

सांगलीत परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन व्हिसापाशी संपतं. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतच्या रस्त्यावर पाट्या आहेत, सेमिनार होतात, कुठल्या देशात फी किती आणि कुठली परीक्षा लागते हे तोंडपाठ सांगणारी माणसं आहेत. व्हिसा हातात पडला की पेढे वाटले जातात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. खरं वर्ष त्यानंतर सुरू होतं. त्या वर्षात अडलं तर मुलानं कुणाकडे जायचं, इथल्या कॉलेजशी संबंध कसा ठेवायचा, घरच्यांनी काय विचारायचं आणि काय नाही, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.चं एक वर्ष दोन विद्यापीठांतल्या करारातून जर्मनीतल्या कार्ल्सरूहला काढलं, सप्टेंबर २०२४ पासून पुढचा उन्हाळा संपेपर्यंत. ते वर्ष मला चांगलं गेलं आणि त्यात माझ्या हुशारीपेक्षा मला वेळेवर मिळालेल्या माणसांचा वाटा जास्त आहे. म्हणून हे लिहिते आहे.

निघण्याआधी आमच्या सरांनी मला समोर बसवलं आणि कोऱ्या कागदावर पाच नावं लिहायला लावली. इथले मार्गदर्शक म्हणून ते स्वतः, तिथल्या विभागाच्या समन्वयक बाई, तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातला एक माणूस, आधीपासून त्याच शहरात असलेला एखादा सीनियर आणि घरातलं एक माणूस. मग प्रत्येक नावापुढे त्या माणसाला काय विचारायचं ते लिहायला सांगितलं. विषय आणि क्रेडिटचे प्रश्न समन्वयक बाईंना आणि सरांना, दोघांना एकाच मेलमध्ये. नोंदणी, विमा, राहण्याचा परवाना हे कार्यालयाला. स्वस्त तांदूळ कुठं मिळतो आणि कुठल्या प्राध्यापकांचा विषय जड आहे हे सीनियरला. घरातल्या माणसाला पैसे आणि तब्येत. "अगं, सगळ्यांना सगळं विचारत बसलीस तर पाच उत्तरं मिळतील आणि पाचही अर्धीच असतील," असं सर म्हणाले. शिवाय दर महिन्याच्या शेवटी एक पान लिहून पाठवायचं ठरलं. काय शिकले, कुठं अडलं, कुणाला भेटले, झोप-जेवण कसं आहे, पैसे पुरताहेत का. बस, एवढंच. त्यावर सर दोन-तीन ओळी लिहायचे, पण उत्तर आलं नाही असा एकही महिना गेला नाही.

पैशांचं आणि व्हिसाचं थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. जर्मनीला वर्षभराचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावा लागतो आणि तिथं पोचल्यावर त्यातून दरमहा ठरावीक रक्कम आपल्याला मिळते. आम्ही तयारी केली तेव्हा ती ११,२०८ युरो होती. १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. पप्पांनी पैसे पाठवले तेव्हा सात लाखांच्या वरच्या रकमेवर बँकेनं पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापला. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम बाजूला हवी. आता ही मर्यादा दहा लाख आहे. कार्ल्सरूह ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला १,५०० युरो शुल्क आहे, मात्र करारातून येणाऱ्यांना ते माफ असतं. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. एका वर्षासाठी जाणाऱ्यानं आपल्याला नेमकं काय लागू आहे ते वकिलातीच्या यादीतच पाहावं, गल्लीतल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि एक, सामानात तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. माझ्याबरोबर त्याच हॉस्टेलवर आलेल्या साताऱ्याच्या मित्राला त्याच्या आत्यांनी कंदी पेढ्यांचा मोठा पुडा दिला होता. तो आम्ही मुंबईत विमानतळावर सोडायला आलेल्यांच्या हातात परत दिला. भडंग आणि हळद मात्र व्यवस्थित पोचली.

पहिले पंधरा दिवस कागदांचे असतात. खोली मिळाल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं किंवा हॉस्टेलचं ठरावीक नमुन्यातलं पत्र लागतं. त्या नोंदणीशिवाय पुढची बरीच कामं खोळंबतात. विमा, बँकेचं खातं, राहण्याच्या परवान्याचा अर्ज, सगळं एकात एक अडकलेलं. विद्यापीठानं मला एक स्थानिक विद्यार्थिनी सोबतीण म्हणून जोडून दिली होती. ती नोंदणीला माझ्याबरोबर आली आणि खिडकीमागच्या बाई जर्मनमध्ये काय म्हणताहेत ते सांगत राहिली. अशी सोबत मागावी लागते, फॉर्मवर खूण करावी लागते. आपल्याकडची बरीच मुलं तिथं 'गरज नाही' लिहितात, कारण दुसऱ्याला त्रास नको असं आपल्याला घरी शिकवलेलं असतं. पण ती मुलं हे काम हौसेनं करतात. कुणी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र आलं म्हणून घाबरू नये. ते महिन्याला १८.३६ युरो असतं आणि एका घराला एकदाच द्यायचं असतं. चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर वाटून घ्या.

आता खरं महत्त्वाचं. करारातून जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात मोठा कागद व्हिसा नाही. तो असतो लर्निंग अॅग्रीमेंट. तिथं कुठले विषय घेणार आणि ते इथल्या कुठल्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावर विद्यार्थी, इथलं विद्यापीठ, तिथलं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. युरोपात ईसीटीएस या तिथल्या सामायिक पद्धतीनं पूर्ण सेमेस्टरला ३० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही आला. आमच्याकडच्या क्रेडिटचा हिशेब वेगळा. सांगलीतून निघताना मी जे विषय लिहिले होते, त्यातला एक त्या सेमेस्टरला शिकवलाच जाणार नव्हता आणि दुसऱ्याचं वेळापत्रक प्रयोगशाळेच्या तासावर येत होतं. असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं, कारण आपण आदल्या वर्षाच्या यादीवरून विषय निवडतो. तिथं पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विषयांच्या या करारनाम्यात बदल करता येतो, त्यासाठी वेगळा भाग असतो. अट एकच, बदलाला तिन्ही सह्या पुन्हा हव्यात. मी समन्वयक बाईंना आणि सरांना एकाच मेलमध्ये नवी यादी पाठवली, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जोडला आणि कुठल्या विषयाच्या जागी कुठला, ते तक्त्यात दाखवलं. सरांनी इथं विभागप्रमुखांची सही घेतली. माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या एका विद्यापीठाच्या मुलाचे सर मात्र उत्तरच देत नव्हते. 'तू घे विषय, नंतर बघू' असं त्याला फोनवर सांगितलं गेलं. परत आल्यावर त्याचे दोन विषय धरले गेले नाहीत आणि त्याला ते इथं पुन्हा द्यावे लागले. 'नंतर बघू' हे वाक्य या बाबतीत कुणाकडूनही मान्य करू नका. सही मिळेपर्यंत दर आठवड्याला नम्रपणे मेल करा, विभागप्रमुखांना प्रत द्या.

तिथल्या प्राध्यापकांना भेटायची ठरलेली वेळ असते, बहुतेकांची आठवड्यातून एकदा. आपल्याकडे सर पोर्चमध्ये भेटले तरी शंका विचारता येते, चहाच्या टपरीवरसुद्धा. तिथं तसं चालत नाही, पण त्या ठरलेल्या वेळेत तुम्ही गेलात तर माणूस पूर्णपणे तुमचा असतो. दार उघडं, वेळ तुमची, घाई नाही. आधी मेलनं वेळ घ्यायची आणि मेलमध्ये तीन गोष्टी लिहायच्या. अडलंय कुठं, मी आतापर्यंत काय करून पाहिलं आणि मला तुमच्याकडून नेमकं काय हवंय. ही सवय मला समन्वयक बाईंनी लावली. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "तू प्रश्न घेऊन आलीस की मला तुझं काम कळतं. गप्प राहिलीस तर मला वाटेल सगळं ठीक आहे." आपल्या मुलांना हे फार जड जातं. आपण समजतो की विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही हे उघड झालं. तिथं न विचारणाऱ्याचीच पंचाईत होते, कारण त्याच्याकडे कुणी आपणहून येत नाही.

माझ्या प्रकल्पाचा विषय अशाच एका भेटीत ठरला. मी नद्यांच्या कामासाठी गेले होते आणि त्या कामाला कार्ल्सरूहसारखं शहर नाही. ऱ्हाईन नदी सरळ करण्याचं काम योहान गॉटफ्रीड तुला या अभियंत्यानं १८१७ मध्ये याच भागात सुरू केलं. वळणं कापून बाझेलपासून खाली नदीचा मार्ग एकूण ८१ किलोमीटरनं कमी झाला. शहरातली अभियांत्रिकी शाळाही त्यानंच १८०७ मध्ये काढली होती. त्या कामानं काठच्या गावांना जमीन मिळाली, पण विसाव्या शतकात वरच्या अंगाला बंधारे झाल्यावर पूर खालच्या शहरांकडे पूर्वीपेक्षा वेगानं जाऊ लागला. म्हणून आता त्या राज्यानं ऱ्हाईनच्या काठी १३ ठिकाणी पुराचं पाणी सामावून घेण्यासाठी जागा ठरवल्या आहेत. बाईंनी विचारलं, तुझ्या गावी नदी आहे का? मी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा फोटो दाखवला. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं हे सांगितलं. त्या पुरात आमच्या मावशीच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, मग तुझा प्रकल्प दोन नद्यांचा असू दे, पूर सामावायला नदीकाठी जागा सोडण्याचा. सांगलीतून गेलेल्या मुलीनं तिथं कृष्णेवर बोलावं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. कुठल्याही मुलानं आपल्या गावचा प्रश्न सोबत न्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे तिथल्या लोकांनाही आपल्याशी बोलायला काहीतरी मिळतं.

परीक्षेची एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. विषय घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची, तिची मुदत असते, नाव मागे घ्यायचीही मुदत असते. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, प्राध्यापक समोर आणि एक जण नोंदी घ्यायला. तिथं उत्तर पाठ असून भागत नाही, 'का' विचारतात. सीनियरनं आम्हाला हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसवून एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यायला लावली, त्याचा फार उपयोग झाला. गुणांची पद्धत उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. घरी हे आधीच समजावून सांगा, नाहीतर '१.७ मिळाले' हे ऐकून आईच्या घशाखाली घास उतरणार नाही.

डिसेंबरबद्दल मला सावकाश लिहायचं आहे. दुपारी साडेचारला अंधार पडतो. दिवाळी होऊन गेलेली असते, तिथले विद्यार्थी नाताळासाठी घरी जातात आणि हॉस्टेलचे मजले रिकामे होतात. साताऱ्याचा मित्र आधी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायला यायचा बंद झाला, मग प्रयोगशाळेत. रात्रभर जागायचा, दिवसा झोपायचा. घरचा फोन आला की अभ्यास आहे सांगून ठेवायचा. त्याच्या आईंना शंका आली आणि त्यांनी मला फोन केला. मी त्याचं दार वाजवलं, खिचडी केली, बसले. तो म्हणाला, घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढून पाठवलंय, मला इथलं काही समजत नाही हे कुठल्या तोंडानं सांगू?

विद्यार्थी कल्याण संस्थेकडे तिथं समुपदेशक असतात. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, इंग्रजीतही बोलता येतं आणि तिथं सांगितलेलं विद्यापीठाला कळवलं जात नाही. मी हे सांगितलं तर तो चिडला. "मी काय वेडा आहे का?" असं म्हणाला. हा प्रश्न सातारा-सांगलीच्या प्रत्येक घरात असाच विचारला जाईल हे मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, घोटा मुरगळला तर हाडवैद्याकडे जातोस ना? मी दारापर्यंत येते. तो आला. पहिल्या भेटीनंतर फार काही बोलला नाही, पण पुढची वेळ त्यानं स्वतः घेतली. समुपदेशकानंच त्याला त्याच्या समन्वयकाकडे जायला सांगितलं. तिथं त्याच्या करारनाम्यातले दोन विषय कमी झाले, उरलेल्यांवर त्यानं लक्ष दिलं आणि ते तो पास झाला. कमी झालेल्यांतला एक विषय उन्हाळी सेमेस्टरला घेतला. त्याच्या आईंना काय सांगायचं हे मी त्याला विचारूनच ठरवलं. त्याची परवानगी न घेता मी एक शब्द बोलले नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकदा का मुलाला वाटलं की आपलं सगळं घरी जातंय, की तो कुणाशीच बोलत नाही. मार्चअखेरीस उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढं गेली, दिवस मोठे झाले आणि तो पुन्हा आमच्याबरोबर सायकलवर ऱ्हाईनच्या काठी येऊ लागला. आज तो हे सगळं स्वतः नव्या मुलांना सांगतो. मी इथं लिहिते आहे तेही त्याला दाखवून.

जीवावर बेतेल असं काही असेल तर ११२. रात्री-बेरात्री आजारी पडलात पण तितकं गंभीर नसेल तर ११६११७ या क्रमांकावर ड्युटीवरच्या डॉक्टरची सोय होते. हे दोन्ही क्रमांक खोलीच्या दारामागे लिहून ठेवा, घरीही देऊन ठेवा.

घरच्यांसाठी थोडं. आमच्याकडे फोनची वेळ ठरली होती. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, म्हणून सांगलीत रात्रीचं जेवण झालं की तिथं माझी संध्याकाळ. पप्पांनी वर्षभर गुणांविषयी विचारलं नाही. ते विचारायचे, आज कुणाशी बोललीस? सुरुवातीला मला वाटायचं, हा काय प्रश्न. पण या एका प्रश्नामुळे मी कुणाशीतरी बोलायला लागले, कारण रात्री उत्तर द्यायचं असायचं. मुलं दूर असताना पालकांना आपण काय करावं हे कुणी सांगत नाही. कॉलेजांनी पालकांनाही एक तास बोलवावं, हॉस्टेलच्या प्रवेशाच्या वेळी बोलावतात तसं.

नोकरीबद्दल एवढंच. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण एकाच वर्षासाठी गेलात तर पहिल्या सेमेस्टरला काम धरू नका, असं माझं ठाम मत आहे. पैशांची निकड असेल तर विभागातच सहायकाचं काम मागा. अभ्यासाशी नातं राहतं आणि माणसं ओळखीची होतात.

परतीची तयारी जुलैतच सुरू करावी लागते. पत्ता रद्द करणं, रेडिओ शुल्क बंद करणं, विमा संपवणं, खोलीची अनामत परत मिळवण्यासाठी तपासणीची वेळ घेणं, बँकेचं खाते अनामत येईपर्यंत चालू ठेवणं. आणि सगळ्यात आधी गुणपत्रक. उन्हाळी सेमेस्टरच्या काही परीक्षांचे निकाल आपण परतल्यावर लागतात, म्हणून ते कुणी पाठवायचं आणि इथं कुणाला, हे समन्वयकांकडून लेखी घेऊन यायचं. माझं गुणपत्रक सप्टेंबरच्या शेवटी आलं. जर्मन गुणांचं आपल्या दहाच्या मापात रूपांतर कसं करायचं, याचा नियम आमच्या विद्यापीठात लिहिलेलाच नव्हता. सरांनी माझी बारा महिन्यांची पानं, करारनाम्याच्या दोन्ही प्रती आणि अभ्यासक्रम एका फाइलमध्ये लावून परीक्षा मंडळापुढे ठेवले. मंडळानं विषय सगळे धरले आणि गुणांच्या रूपांतरासाठी एक तक्ता ठरवून दिला. पुढच्या तुकडीतून आमच्या विभागातली दोन मुलं जाताहेत. त्यांच्या करारनाम्याला हा तक्ता निघण्याआधीच जोडला आहे आणि त्यांच्या पालकांची बैठक सरांनी येत्या शनिवारी ठेवली आहे. साताऱ्याचा मित्रही तिला येणार आहे.